निवेदनातली राहून गेलेली बारावी मागणी

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या एका बाजारपेठेत दुकानदारांच्या संघटनेची बैठक होती. मी दुकानदार नाही. आयुष्यभर शाळेत शिकवले आणि निवृत्त झालो. पण धाकट्या भावाचे तिथे बांगड्यांचे आणि कटलरीचे दुकान आहे. आमच्या अब्बांनी बेल्ह्यापासून ओतूरपर्यंतच्या आठवडे बाजारांत पोते अंथरून काकणे विकली, त्याच धंद्याचे हे पुढचे रूप. संघटनेला आमदार, तहसीलदार आणि बाजार समिती यांना द्यायचे एक निवेदन लिहायचे होते. संघटनेचा सचिव माझा जुना विद्यार्थी. त्याने भावाला निरोप दिला, "सरांना घेऊन या. मसुदा त्यांच्याकडूनच करून घेऊ."

संघटनेचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. कारण आळेफाटा घ्या, नारायणगाव घ्या, ओतूर घ्या, कोणत्याही पेठेत मागण्यांची यादी जवळपास हीच झाली असती. माणसेही अशीच असती. वाईट तर मुळीच नसती. कोरोनाच्या दिवसांत यातल्या अनेकांनी उधारीची वही बंद करून लोकांना किराणा दिला. आमच्या घरी मयत झाली तेव्हा यांनीच खुर्च्या आणि मंडप पाठवला, पैसे घेतले नाहीत.

यादी अकरा मागण्यांची होती. चौकातली वाहतूक कोंडी. महामार्गालगतचा सेवा रस्ता. पावसाचे पाणी दुकानांत शिरू नये म्हणून बंदिस्त गटार. पथदिवे. कचरागाडी. महिलांसाठी स्वच्छतागृह. वाहनतळ. सीसीटीव्ही कॅमेरे. बाजार आवारात शेड आणि पिण्याचे पाणी. बिबट्याच्या भीतीमुळे शेतीला दिवसा वीज. आणि अकरावी, पुणे–नाशिक रेल्वे जुन्नर तालुक्यातूनच जावी ही. मी सगळे नीट मराठीत लिहून काढले. मग म्हणालो, "एक बारावी घालू का?"

ती बारावी काय होती ते पुढे सांगतो. आधी या अकरा मागण्यांबद्दल बोलले पाहिजे, कारण त्या खऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे कुणी हसून बघू नये.

आळेफाट्याचे उदाहरण घेऊ. पुण्याहून नाशिककडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६० आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ इथे एकमेकांना छेदतात. मूळ आळे गाव जुने. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधी असलेले हे गाव. दोन रस्त्यांच्या छेदावर जी पेठ वाढली, तिचे नाव पडले आळेफाटा. आज इथे जुन्नर बाजार समितीचा उपबाजार आहे, कांद्याचे लिलाव होतात, दुभत्या गाईंचा बाजार भरतो. एसटी स्थानक, दवाखाने, बँका, शेती औषधांची दुकाने, ट्रॅक्टरचे सुटे भाग, लग्नाचे कपडे, सगळे एका ठिकाणी मिळते. तीन जिल्ह्यांतला माणूस इथे उतरतो, बदलतो आणि पुढे जातो.

शहर म्हणावे असे हे गाव आहे, पण कागदावर ते शहर नाही. फाट्याची वस्ती आळे आणि वडगाव आनंद या दोन ग्रामपंचायतींमध्ये विभागलेली आहे. महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत. बाजार आवार बाजार समितीचे. एसटी स्थानक महामंडळाचे. दिवाबत्ती, कचरा आणि गटार ग्रामपंचायतीचे. आता समजा, पावसाचे पाणी महामार्गावरून वाहत येऊन एखाद्या दुकानात शिरले. दुकानदाराने कोणाचे दार ठोठवायचे? महामार्गवाले म्हणतात गटाराचा प्रश्न गावाचा, गाव म्हणते पाणी महामार्गाचे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले आहेत, त्यांत 'बाजार आणि जत्रा' हाही आहे. पण विषय सोपवणे आणि पैसा सोपवणे या दोन वेगळ्या गोष्टी. जिथे रोज हजारो परगावचे लोक येतात, तिथली घाण उचलण्याचा खर्च गावात राहणाऱ्यांच्या घरपट्टीतून कसा निघणार? आपल्या निवेदनांत यावर स्पष्ट मागणी असायला हवी: महामार्ग, बाजार समिती, एसटी, ग्रामपंचायती आणि पोलीस यांची एकत्र बैठक तहसीलदारांनी ठरावीक मुदतीने घ्यावी आणि कोणते काम कोणाचे हे लिहून द्यावे. नाहीतर एकाच निवेदनाच्या पाच प्रती पाच टेबलांवर पडून राहतात.

स्वच्छतागृहाचा मुद्दा यादीत सहावा होता. माझ्या मते तो पहिला हवा. कांदा निवडायला, भरायला येणाऱ्या बाया, भाजी घेऊन बसणाऱ्या बाया, एसटीची वाट बघणाऱ्या मुली दिवसभर पाणी कमी पितात. हे बाजारात बसणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. अम्मी अब्बांबरोबर बाजाराला जायची तेव्हा सकाळी चहाही घेत नसे. आम्हाला वाटायचे, तिला चहा आवडत नाही. खरे कारण आम्हाला फार उशिरा कळले.

रेल्वेची मागणीही समजण्यासारखी आहे. पुणे–नाशिक थेट रेल्वेचे स्वप्न या भागाने वर्षानुवर्षे पाहिले. २३५ किलोमीटरचा अर्ध-द्रुतगती मार्ग आखला गेला, काही गावांत जमिनींचे व्यवहारही झाले. मग खोडदच्या दुर्बिणीचा प्रश्न आला. आपल्या तालुक्यातली जीएमआरटी, म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण, जगभरच्या शास्त्रज्ञांना उपयोगी पडते. तिला आकाशातले फार क्षीण संदेश टिपायचे असतात, आणि धावत्या विजेच्या गाड्या त्यात अडथळा आणतात. २०२५ च्या अखेरीस रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले की या कारणाने जुना मार्ग शक्य नाही, गाडी शिर्डी–अहिल्यानगरमार्गे नेऊ. इथल्या लोकांना वाईट वाटले ते साहजिकच. दुर्बीणही राहावी आणि रेल्वेही यावी यासाठी तांत्रिक मार्ग शोधा, ही मागणी रास्त आहे. मात्र रेल्वे आली तरी ती दहा-पंधरा वर्षांची गोष्ट. तोवर रोजचा बाजार याच चौकात भरणार आहे.

आता दिवसा विजेची मागणी. ती वाचताना मी थांबलो, आणि बारावी मागणी मला तिथेच सुचली.

जुन्नर भागात उसाच्या शेतांत बिबट्या राहतो, हे आता लहान पोरालाही माहीत आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. रात्रीची वीज असली की शेतकऱ्याला अंधारात पाणी द्यायला जावे लागते, आणि अंधारात जिवाची भीती असते. म्हणून दिवसा वीज द्या. या मागणीत विजेच्या युनिटचा हिशोब नाही. ती भीतीबद्दलची मागणी आहे. भीती असेल तर माणूस काम करू शकत नाही, शेतात जाऊ शकत नाही, बाजाराला पहाटे निघू शकत नाही. म्हणून भीती घालवणे हे सरकारचे काम आहे आणि ते मागणे हे व्यापारी संघटनेचेही काम आहे. हे तत्त्व बैठकीतल्या सगळ्यांनी एकमताने मान्य केले होते.

मी म्हणालो, मग हेच तत्त्व बाजाराच्या रस्त्यालाही लावू. बारावी मागणी अशी लिहिली: "बाजारात कायदेशीर माल आणि जनावरे घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला आणि वाहनचालकाला, तो कोणत्याही जातीधर्माचा असो, रस्त्यात कोणी खासगी व्यक्ती अडवणार नाही याची हमी पोलिसांनी द्यावी, आणि कोणत्याही व्यापाऱ्यावर धर्माच्या कारणाने बहिष्काराचे आवाहन झाल्यास संघटना त्याच्या पाठीशी राहील."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ दुकानदार, ज्यांना मी अण्णा म्हणतो आणि जे मला लहानपणापासून ओळखतात, हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे. पण हा राजकारणाचा विषय झाला. आपण गटार-रस्त्याचं बोलू."

अण्णांच्या या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण ते वाक्य चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे ते शांतपणे सांगायला हवे.

आधी पैशाच्या भाषेत बोलू, कारण बाजारात ती भाषा सगळ्यांना कळते. आपल्याकडचा दुधाचा धंदा संकरित गाईंवर उभा आहे. ज्याच्याकडे दहा गाई आहेत त्याचा हिशोब सरळ असतो: म्हातारी, भाकड, वारंवार उलटणारी गाय गोठ्यातून कमी करायची, त्या पैशात थोडी भर घालून नवी कालवड किंवा व्यायला झालेली गाय आणायची. हे चक्र चालले तरच दूध परवडते. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. कायदा आहे, तो पाळला पाहिजे, मोडणाऱ्यावर पोलिसांनी कारवाई करावी. त्याबद्दल माझे दुमत नाही. पण दुभती गाय विकणे, शेतीचा बैल विकणे, म्हैस विकणे हा व्यवहार कायदेशीर आहे. तो सुद्धा रस्त्यात अडू लागला तर काय होते?

ते आपण २०२५ मध्ये पाहिले. त्या वर्षी बकरी ईदच्या आधी राज्याच्या गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पत्र पाठवले की ३ ते ८ जून या काळात जनावरांचे बाजार भरवू नयेत. गाय-बैलच नाही, शेळ्या-मेंढ्या, म्हशी, सगळे त्याच बाजारात येतात. म्हणजे ईदला बोकड विकून शाळेची फी भरणारा धनगर आणि शेतकरीही त्यात भरडला जाणार होता. टीका झाल्यावर आयोगाला माघार घ्यावी लागली. त्यानंतर दोन महिन्यांत कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली. त्यांचे म्हणणे एवढेच होते की कागदपत्रे असली तरी टेम्पो अडवले जातात, मारहाण होते, जनावरे काढून घेतली जातात. आम्ही हा धंदाच बंद ठेवतो. गुऱ्हाळ बंद पडल्यावर उसाचे जे होते तेच मग गोठ्यांचे झाले. बाजारात जनावरे आली, पण घेणारा नव्हता. ज्यांनी कधी मुसलमानांच्या बाजूने शब्द काढला नव्हता, असे शेतकरी नेतेही उघड बोलू लागले. शेवटी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांना शिष्टमंडळाशी बैठक घ्यावी लागली. वाहन तपासण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, खासगी टोळ्यांचा नाही, ही साधी गोष्ट पुन्हा सांगावी लागली.

आता अण्णांना माझा प्रश्न आहे. ज्या शेतकऱ्याची गाय विकली गेली नाही, त्याने त्या महिन्यात कोणाच्या दुकानातून पोरीला ड्रेस घेतला? पत्रा, पाइप, पेंड, मोबाइल कोणाकडून घेतला? बाजाराचा पैसा एका दुकानात राहत नाही. गाईबाजारात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत कापडदुकानात, हॉटेलात, मेडिकलमध्ये फिरतो. कांद्याच्या बाबतीत हे आपल्याला लगेच कळते. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये बंदी उठवली तरी शुल्क ठेवले, आणि ते पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्या दीड वर्षात आपल्या भागातल्या व्यापारी आणि शेतकरी संघटनांनी किती आंदोलने केली! ती करताना 'हा राजकारणाचा विषय आहे' असे कोणी म्हटले नाही. निर्यातबंदीचा निर्णय दिल्लीतून झाला होता, त्यात राजकारण नव्हते तर काय होते? कांद्याला राजकारण चालते आणि माणसाला चालत नाही, असे कसे?

दुसरा मुद्दा बहिष्काराचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला की कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत. शेकडो वर्षे ज्या यात्रेत सगळ्या जातीधर्मांचे विक्रेते पाल ठोकत आले, तिथे हा ठराव. प्रशासनाने तो रद्द केला, कारण ग्रामसभेला असा अधिकार नाही. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य आहे आणि कलम १५ मध्ये धर्माच्या कारणाने भेदभाव करण्यास मनाई आहे. कागदावर प्रश्न सुटला. पण पाल ठोकणाऱ्याच्या मनातून तो सुटतो का? पुढच्या वर्षी माल भरताना तो दोनदा विचार करतो. उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारीही विचार करतो. कर्ज देणारी पतसंस्था विचार करते. ठराव रद्द झाला तरी धंद्याची पत खाली येते, आणि ती पुन्हा वर आणायला कोणतेही सरकारी अनुदान नाही.

म्हणून मी म्हणतो की बाजारात निर्धास्त येता येणे ही रस्ता, वीज, पाणी यांच्या रांगेतली सोय आहे. चारपदरी रस्ता केला आणि त्यावरून अर्धी माणसे यायला घाबरू लागली, तर तो रस्ता कोणासाठी केला?

आणि हा विचार काही बाहेरून आणलेला नाही. तो आपल्या जुन्नरच्या डोंगरांतच कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. नाणेघाटात आजही तो दगडी रांजण दिसतो, ज्यात जकात टाकत असे लोक सांगतात. त्या काळच्या जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत. त्यातल्या एकात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळच्या व्यापारी संघटनेने, लेणे आणि पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. लोक धर्मकार्याचा निधी त्यांच्याकडे ठेवीत, इतकी त्यांची पत होती. आणि काही लेखांत दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या वंशाचे. एका यवनाने दोन टाक्या दिल्या, दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप. त्या टाक्यांचे पाणी पिताना, देणारा कुठला म्हणून कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

नंतरच्या काळात याच जुन्नरमध्ये मुसलमान कागदी हाताने कागद बनवत. जुन्नरी कागद टिकाऊ म्हणून नावाजलेला होता; पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुराही जुन्नरच्या कागद्यांशी जोडलेला आहे. पेशवाईच्या दफ्तरातले हिशोब, सनदा, वतनाचे कागद अशा हातांनी बनवलेल्या कागदावर लिहिले गेले. लिहिणारा ब्राह्मण कारकून, कागद करणारा मोमीन, चिंध्या आणि ताग आणून देणारे आणखी कोणी. यातला एक जरी गळला असता तरी दफ्तर चालले नसते.

मुस्लिम वाचकांना मी आणखी एक गोष्ट आठवून देतो. सीरतच्या ग्रंथांत 'हिल्फ-उल-फुजूल' या कराराची हकीकत येते. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतल्या एका बड्या सरदाराने घेतला आणि पैसे दिले नाहीत. व्यापारी परका, त्याचे मक्केत कोणी नव्हते. तेव्हा काही कुळांची माणसे अब्दुल्ला इब्न जुदआन यांच्या घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली की या शहरात ज्याच्यावर अन्याय होईल, तो आपला असो वा परका, त्याला त्याचा हक्क मिळेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. तरुण मुहम्मद (स.) त्या बैठकीत होते. पुढे पैगंबर झाल्यावरही ते म्हणत की अशा करारासाठी मला आजही कोणी बोलावले तर मी जाईन. लक्षात घ्या, तो करार इस्लामच्या आधीचा होता, करणारे मुसलमान नव्हते. तरीही ते त्याचा मान राखत. कुरआनच्या 'कुरैश' या छोट्या सूरेतही हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या व्यापारी प्रवासांचा उल्लेख आहे, आणि त्या संदर्भात दोन देणग्यांची आठवण करून दिली आहे: भुकेत अन्न आणि भयापासून सुटका. अन्न आणि अभय, दोन्ही शेजारी शेजारी.

या गोष्टी आपण मिलादच्या भाषणात ऐकतो आणि घरी येतो. म्हणून आता आपल्या लोकांशीही थोडे रोखठोक बोलतो.

त्या बैठकीत साठ-सत्तर दुकानदार होते. आमच्या समाजाची त्या पेठेत पंधरा-सोळा तरी दुकाने असतील: बागवानांची फळे, अत्तारांचे स्टेशनरी आणि सुगंधी सामान, तांबोळ्यांची पानदुकाने, दोन गॅरेज, एक वेल्डिंगचे दुकान, टायर पंक्चरवाले. बैठकीला आले होते दोघे, त्यातला एक माझा भाऊ, तोही मी होतो म्हणून. बाकीच्यांना विचारले तर म्हणतात, "चाचा, अपने को क्या करना है? वर्गणी देतो ना!" वर्गणी देऊन गप्प बसणे ही आपली जुनी सवय. मग आपली अडचण यादीत का नाही, म्हणून घरी बसून कुढायचे. जो बैठकीला जात नाही, त्याची मागणी दुसऱ्या कोणी लिहावी ही अपेक्षा चुकीची आहे. बाजार समितीच्या संचालक मंडळात कायद्याने व्यापाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असतात, हमाल-तोलाऱ्यांचा एक असतो. आपल्यापैकी किती जणांकडे परवाना आहे, किती जणांचे मतदार यादीत नाव आहे, हे कधी पाहिले का? बिल देणे, वजनकाटा तपासून घेणे, दुकानाचा पत्रा रस्त्यावर न काढणे, जनावराच्या खरेदीची पावती आणि वाहतुकीचे कागद पूर्ण ठेवणे, हे आपण काटेकोर केले पाहिजे. कुरआनमध्ये मापात खोट करणाऱ्यांसाठी एक अख्खी सूरा आहे. आपले कागद चोख असतील तेव्हाच कायद्याची मागणी आपण मान वर करून करू शकतो.

आणि ही मागणी केवळ आपल्यासाठी करू नये. पुण्यात बाबा आढावांनी हमालांची संघटना बांधली, आणि त्याच माणसाने 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम गावोगाव नेली. विहीर होती, पाणी होते, दोर-बादली होती. पण दलितांना त्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते. सोय असूनही ती कोणासाठी नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला. आपल्या पेठेत आज तो प्रश्न हमालाला, पालावरच्या विक्रेत्याला, कांदा निवडणाऱ्या बाईला, परप्रांतातून आलेल्या मजुरालाही लागू आहे. उद्या बहिष्काराची हाक दुसऱ्या कोणाविरुद्ध उठली, तर आपण गप्प बसणार नाही असे आधी आपण ठरवावे. एका जमातीच्या मागणीला बाजारात वजन येत नाही. सगळ्या बाजाराची झाली की तीच मागणी तहसीलदार उचलून वाचतो.

अण्णांसारख्या ज्येष्ठांना माझी विनंती आहे. बारावी मागणी घातली तर संघटना फुटेल, असे तुम्हाला वाटते. मला उलट वाटते. रस्त्याचा पैसा आज ना उद्या सरकार देईल, गटारही होईल. पण बहिष्काराची हाक आली त्या दिवशी संघटना काय म्हणते, यावर ती सगळ्यांची आहे की काहींचीच हे ठरते. ते त्या दिवशी घाईत ठरवायला गेलात तर भीतीपोटी चुकाल. आज, शांततेत, चहा पीत ठरवा. एक ओळ आहे. तिच्यात कोणत्याही पक्षाचे नाव नाही, कोणाचा धिक्कार नाही. कायद्यात जे आहे तेच मागितले आहे.

त्या दिवशी निवेदन अकरा मागण्यांचेच गेले. सचिवाने माझी बारावी ओळ खोडली नाही, वेगळ्या कागदावर उतरवून घेतली आणि म्हणाला, "सर, पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घेऊ." निघताना अण्णांनी खांद्यावर हात ठेवला. "तुमचं मराठी फार छान आहे हो," म्हणाले. त्यांना कौतुकच करायचे होते. मी म्हणालो, "अण्णा, माझंच आहे ते."

पुढची बैठक अजून व्हायची आहे. भावाला सांगून ठेवले आहे, या वेळी पेठेतल्या आपल्या पंधराही दुकानदारांना घेऊन ये, आणि वेळेच्या आधी ये. बाहेरच्या चौकात कोंडी असतेच.